शेलारभाऊंची आठ बटणं

शेलारभाऊंच्या दाराला बेल नव्हती. बेलच्या जागी त्यांनी एक लहानसा माइक बसवला होता आणि चौकटीवर जुन्या रेडिओतून काढलेला स्पीकर. पायपुसण्यावर पाय पडला की खाली दडवलेलं बटण दाबलं जाई आणि स्पीकर खेकसे, "नाव. काम. किती मिनिटं?"

तिन्ही उत्तरं दिल्याशिवाय दार उघडत नसे. आणि उघडलं, तरी सांगितलेल्या मिनिटांचा गजर आत टेबलावर लागलेला असे. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा "पाच मिनिटं" म्हणून आत गेले आणि पाण्याच्या टाकीबद्दल बोलता बोलता गजर झाला. शेलारभाऊ उठले, दार उघडून उभे राहिले. सेक्रेटरी अर्धं वाक्य तोंडात घेऊनच जिना उतरले. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले तेव्हा स्पीकरने विचारलं, "किती मिनिटं?" मी म्हटलं, "अहो, तिळगुळाला कसली मिनिटं?" स्पीकर म्हणाला, "मग कडीला अडकवून जा."

इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत, आम्ही दुसऱ्या. सातपूरच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. पुढे कारखाना बंद पडला, पण दुरुस्ती काही सुटली नाही. घरभर उघडी पडलेली यंत्रं आणि तारांची भेंडोळी. कुठलीही अडचण सांगा, उत्तर एकच: "आधी सप्लाय बघा." टीव्ही दिसत नाही, सप्लाय बघा. पोरगं नापास झालं, सप्लाय बघा. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर म्हणत, "सप्लायच आला नाही." सिन्नरला एक बहीण होती. तिच्याकडेही ते राखीपौर्णिमेला जाऊन त्याच दिवशी परत येत.

अशा माणसाशी आमचा संबंध जिन्यातल्या नमस्कारापुरता होता, आणि तो तेवढाच राहिला असता.

माझे यजमान अशोकराव बोरस्ते बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होते. माइकवरचा आवाज त्यांचाच. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," असं हे म्हणाले की फलाटावरची गर्दी खरंच माना वळवून बघायची. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर पिंपळगावहून घरी येताना आडगावच्या अलीकडे ह्यांची स्कूटर घसरली. हेल्मेट नव्हतं. सहा दिवस शुद्ध नव्हती.

शुद्ध आली तेव्हा उजवा हात लुळा होता आणि तोंडातून आवाज नव्हता. डॉक्टर म्हणाले, "मार डाव्या बाजूला बसलाय. भाषेचा कारभार तिथून चालतो. त्यांना ऐकू येतंय, बरंचसं कळतंयही. शब्द सापडत नाहीयेत."

"सापडतील ना?"

"काही सापडतील. किती, ते आज कुणीच सांगू शकणार नाही."

एकोणिसाव्या दिवशी ह्यांनी माझ्याकडे बघून पहिला शब्द उच्चारला. मी कॉटची कड धरून उभी होते. हे म्हणाले, "निफाड."

माझं नाव सुनंदा आहे. मला वाटलं, ह्यांना कुणाची तरी आठवण येतेय, निफाडला कुणी आहे का? पण पाण्याच्या भांड्याकडे बोट करून हे म्हणाले, "येवला." चहा आला तर "सिन्नर". आयुष्यभर गावांची नावं पुकारली, आता दुसरं काही उरलंच नव्हतं. आणि शब्द चुकला हे ह्यांना कळायचं. डोळे गच्च मिटून हे डाव्या मुठीने स्वतःचं कपाळ बडवायचे. मी ती मूठ धरून ठेवायची.

घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी ह्यांनी ताट भिरकावलं. काहीतरी हवं होतं आणि मी चार वेळा चुकीचं आणून दिलं होतं. "निफाड! निफाड!" असा आरडाओरडा चालू असताना दार वाजलं. दारात शेलारभाऊ.

"वहिनी, पंधरा मिनिटं," ते म्हणाले आणि माझ्या होकाराची वाट न बघता आत आले.

कसं वाटतंय, काळजी घ्या, असलं काही नाही. ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि कप उचलून विचारलं, "हे काय?"

"सिन्नर."

"आणि हे?"

"येवला."

पुन्हा कप. पुन्हा "सिन्नर". असं चार वेळा करून त्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "दर वेळी तेच! वायरिंग शाबूत आहे, वहिनी. लेबलं उलटसुलट लागलीत."

जमिनीवर सांडलेली आमटी पुसत होते मी. मी म्हटलं, "शेलारभाऊ, माझा नवरा म्हणजे तुमचा मीटर नाही."

"नाही ना," ते म्हणाले. "मीटर सोपा असतो." आणि घड्याळ बघून निघून गेले.

दवाखान्यात दर दुसऱ्या शनिवारी मुंबईहून एक वाचा-उपचाराच्या बाई येत. पुढच्या शनिवारी आम्ही रिक्षात बसलो, तर शेलारभाऊ वही घेऊन पुढे ड्रायव्हरच्या शेजारी. मी विरोध करायच्या मनःस्थितीत नव्हते. बाईंनी ह्यांच्याबरोबर अर्धा तास घालवला. घाई करू नका, चुकलं तर रागवू नका, म्हणाल्या. वस्तू दाखवा, शब्दाचा पहिला आवाज द्या आणि थांबा. पुढचं त्यांना शोधू द्या.

"दिवसातून किती वेळा?" शेलारभाऊंनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं.

"शंभर वेळा केलंत तरी कमीच आहे."

मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. सकाळी दहाला घर सोडायचं, संध्याकाळी साडेपाचला परतायचं. शंभर वेळा कोण म्हणणार? रिक्षात मी तेच बोलले, रडकुंडीला येऊन. शेलारभाऊ पुढे बघतच म्हणाले, "यंत्राला कंटाळा येत नाही."

ते मुंबईला गेले आणि वीस सेकंद आवाज साठवणाऱ्या चिप्स घेऊन आले. चार दिवसांनी आमच्या टेबलावर प्लायवुडचा एक डबा आला. त्यावर आठ मोठी बटणं, डाव्या हाताला सोपी पडतील अशी. प्रत्येकाच्या वर एक चित्र: तांब्या, कप, ताट, संडासाचं दार, पांघरूण, कपाळाला हात लावलेला माणूस, घड्याळ आणि माझा फोटो. बटण हलकंच दाबलं की नुसतं "पा…", दाबून धरलं की पुरतं "पाणी".

पहिल्यांदा आवाज त्यांनी स्वतःचा भरला होता. ह्यांनी बटण दाबलं. डबा शेलारभाऊंच्या आवाजात खेकसला, "पा!" ह्यांनी दचकून डबा टेबलाखाली लोटला. बाईंनी सांगितलं, आवाज घरातल्या माणसाचा हवा. मग मला माइकसमोर बसवलं. "पाणी" ठीक झालं, "चहा" झालं. "सुनंदा" म्हणताना माझा आवाज फाटला आणि हुंदका भरला गेला.

"पुन्हा," शेलारभाऊ म्हणाले.

पाच वेळा पुन्हा. सहाव्यांदा त्यांनी पंखा बंद केला, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पाठ फिरवून उभे राहिले. तेव्हा जमलं.

त्यानंतरचे अकरा दिवस मला नको वाटतात. मी शाळेत गेले की शेलारभाऊ खाली येत आणि ह्यांच्यासमोर बसून राहत. स्वतःच्या घरी पाच मिनिटं मोजून देणारा हा माणूस सकाळपासून बटण दाबायचा. "पा…" थांबायचा. "पा…" थांबायचा. हे नुसते बघत राहायचे. कधी "येवला" म्हणायचे, कधी तोंड फिरवायचे. अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझाच आवाज दिवसभर "पा, पा" करत घुमायचा. तळमजल्यावरच्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्याकडे बाळ आलंय का हो?" मी हसले नाही.

बाराव्या दिवशी भांडण झालं. शेलारभाऊंनी ठरवलं की "च" म्हटल्याशिवाय चहा द्यायचा नाही. हे कपाकडे बघत होते, ओठ हलवत होते, कपाळावर घाम आला होता. मला बघवेना. मी कप उचलून ह्यांच्या हातात दिला.

"वहिनी, तुम्ही सप्लाय तोडताय!" शेलारभाऊ ओरडले.

"एका कपासाठी माणसाला भिकाऱ्यासारखं ताटकळत ठेवायचं?" माझाही आवाज चढला. "तुम्हाला ना बायको ना पोर. तुम्हाला काय कळणार आमचं!"

ते उठले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकला आणि गेले.

चार दिवस ते आले नाहीत. जिन्यातही दिसले नाहीत. चहा रोखायचा नसतो हे बाईंनीही पुढे सांगितलं, म्हणजे त्यात माझं चुकलं नव्हतं. पण जे बोलले ते चुकलं होतं. वर जाऊन माफी मागावी तर दाराशी त्या स्पीकरला काय सांगणार?

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी भाजी निवडत होते. टेबलावर डबा वाजला, "पा…" हेच दाबत होते. पुन्हा, "पा…" मी मान वर केली नाही. आणि मग एक जड, घोगरा आवाज आला.

"…णी."

मी मान वर केली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, स्वतःच घाबरल्यासारखं. पुन्हा बटण दाबलं. "पा…"

"णी," हे म्हणाले. "पा. णी."

मी पाणी दिलं, अर्धं सांडलं, आणि तशीच चप्पल न घालता वर धावले. पायपुसण्यावर पाय पडला. "नाव. काम. किती मिनिटं?" मला काही सुचेना. माझं नाव मला आठवेना. मी नुसतं म्हटलं, "पाणी."

दार उघडलं. शेलारभाऊ बनियनवरच होते. माझ्याकडे एकदा बघून ते जिना उतरायला लागले, मागे दार सताड उघडं.

त्यानंतर शब्द येत गेले, पण जसे यावेत तसे नाही. "चहा" लगेच आला, "जेवण" दोन महिन्यांनी. "सुनंदा"चं "सु" यायला उन्हाळा लागला. एक आला की दुसरा जायचा. जूनमध्ये "पाणी" आठ दिवस नाहीसं झालं तेव्हा आम्ही तिघंही एकमेकांशी धड बोललो नाही.

आणि मग जुलैतला तो दिवस.

शाळा लवकर सुटली होती. मी कोपऱ्यावर रिक्षातून उतरले आणि मला ह्यांचा आवाज ऐकू आला. अपघाताच्या आधीचा आवाज, खणखणीत, सबंध वाक्य. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे! प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे!"

हे गॅलरीत उभे होते, डाव्या हाताने कठडा धरून. खाली आवारात चारपाच जण जमले होते आणि हसत होते. एक जण म्हणाला, "बोरस्तेसाहेब, कुठली गाडी लागली?" दुसऱ्याने माझ्याकडे बघून कीव आल्यासारखा चेहरा केला. क्षणभर मलाही वाटलं, संपलं, डोकं गेलं ह्यांचं. पण मी ह्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. हे घोषणा करत नव्हते. हाका मारत होते.

"हसताय काय? वर चला!" मी ओरडले आणि पळत सुटले.

शेलारभाऊ टेबलाजवळ पालथे पडले होते. डब्याला सेल फार लागतात म्हणून ते थेट विजेवर चालणारी जोडणी करत होते. दुनियेला सप्लाय बघायला सांगणाऱ्या या माणसाने स्वतः भिंतीवरचं बटण बंद केलं नव्हतं आणि त्यांना शॉक बसला होता. ह्यांनी डाव्या हाताने मीटरवरचा मेन स्विच खाली ओढला होता. घरातले दिवे, पंखा सगळं बंद होतं. मग ह्यांनी डब्याकडे धाव घेतली असणार. तो खाली पडलेला होता आणि सेलवर असल्यामुळे चालू होता. कपाळाला हात लावलेल्या माणसाचं बटण आत अडकून बसलं होतं आणि डबा माझ्या आवाजात एकसारखा म्हणत होता, "दुखतंय. दुखतंय. दुखतंय." आठ बटणं होती. त्यातलं एकही दुसऱ्या माणसासाठी नव्हतं.

आता वर आलेल्यांपैकी कुणी हसत नव्हतं. चौघांनी शेलारभाऊंना उचलून खाली नेलं. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, श्वास अडखळत होता. समोरच्या पट्टीवर हे बसले होते आणि त्यांची पावलं घट्ट धरून ठेवली होती, जणू सोडली तर माणूस जाईल. मुंबई नाक्याला सिग्नल लागला. तेवढ्यात शेलारभाऊंनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटले, "आधी… सप्लाय…"

"गप्प बसा," मी म्हटलं आणि रडायला लागले.

डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि सोडलं. हाताला भाजलेलं होतं, हृदय ठीक होतं. वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलं की हजारो वेळा म्हटलेलं वाक्य डोक्यात वेगळ्या जागी राहतं, निकडीच्या वेळी अख्खंच्या अख्खं बाहेर पडतं. शेलारभाऊंनी ते वहीत लिहून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी घड्याळाचं बटण काढून त्या जागी नवं बसवलं: "मदत." डब्याची जोडणी मात्र सेलवरच ठेवली.

पुढच्या चारपाच वर्षांत पुष्कळ काही झालं. शेलारभाऊंनी कुणाच्या तरी कचेरीतून टाकून दिलेला संगणक आणला आणि रात्रंदिवस खपून त्यावर चित्रांचा आणि अर्ध्या शब्दांचा प्रोग्रॅम तयार केला. बाई तो मुंबईलाही घेऊन गेल्या. ह्यांना लहान वाक्यं यायला लागली. खात्याने ह्यांना पासांवर शिक्के मारायचं काम दिलं. माइक दुसऱ्याकडे गेला. मी बसस्थानकावर गेले की घोषणा चालू असताना ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही.

संगणक आला तरी हे तो प्लायवुडचा डबा जवळ ठेवत. थकले की शब्द जात, तेव्हा तोच कामाला येई. आणि साधारण त्याच सुमाराला तो डबा बिघडायला लागला. दर आठवड्याला, बहुतेक बुधवारी, चहाचं बटण बंद. गुरुवारी शेलारभाऊ सामान घेऊन येत, डबा उघडत, वायरीला सोल्डरचा डाग देत, चहा घेत. मग हे आणि ते गॅलरीत बसत. एक वाक्य व्हायला ह्यांना मिनिटभर लागे. शेलारभाऊ ते पुरं होईपर्यंत रस्त्याकडे बघत थांबत. कधीकधी मी जेवायलाच वाढत असे.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, ते बटणच नवीन टाका ना."

"मिळत नाही आता तसलं," ते म्हणाले.

एकदा राखीपौर्णिमेला ते सिन्नरला गेले आणि बहिणीच्या आजारपणामुळे तिथेच अडकले. डबा बंद. मी तो मेन रोडवरच्या एका जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने चष्मा वर करून आत बराच वेळ बघितलं.

"बाई, हे कुणी बनवलं? काम एक नंबर आहे. एकेक डाग बघा, मोत्यासारखा."

"मग बिघडतं कसं?"

"बिघडलेलं नाहीच. ही एवढी एक वायर बघा. हिला डागच दिलेला नाही. नुसती पिळून ठेवलीय. चारसहा दिवस वापरलं की सुटणारच. एवढा हुशार माणूस हीच कशी विसरला?"

त्याने डाग दिला. मी घरी येईपर्यंत संतापले होते. किती वेळा डबा बंद पडला, किती वेळा हे चहा म्हणता न आल्याने चिडले, आणि हा माणूस मुद्दाम! मी चप्पल काढता काढता ह्यांना सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले. मग ह्यांच्या तोंडाची डावी कड वर गेली. हे हसत होते.

"मा… माहीत," हे म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

ह्यांनी हात हलवला. खूप दिवसांपासून.

"मग बोलला का नाही मला?"

हे विचार करत राहिले. ओठ दोनदा हलले, शब्द आला नाही, डब्याकडे हात गेला आणि मागे आला. असा शब्द डब्यात नव्हता. शेवटी हे उठले, टेबलाच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, डबा मांडीवर घेतला आणि एका हाताने एकेक स्क्रू सैल करायला लागले. मी मदत करायला पुढे झाले तर ह्यांनी मान हलवली. बराच वेळ लागला. झाकण निघालं. ह्यांनी आत बोट घालून, त्या दुरुस्तीवाल्याने नीट डाग दिलेली ती वायर शोधली आणि हिसका देऊन सोडवली. मग पहिल्यासारखी नुसती पिळून ठेवली.

"गुरु… वार," हे म्हणाले आणि झाकण लावायला घेतलं.

दूधवाल्याला मी सांगितलं, गुरुवारी अर्धा लिटर जास्त दे.